पोटातला गोळा

वृषाली गुंजाळ बाईंनी एका माणसावर उणीपुरी तीस वर्षं डूख धरला होता. एखादी बाई लोणच्याची बरणी जपते तसा जपला होता. मधूनमधून झाकण उघडून बघायचं, मुरलंय ना नीट, आणि पुन्हा दादरा बांधून ठेवायचं. त्या माणसाचं नाव रणधीर थोरवडे. त्या जूनमध्ये तिसरीच्या वर्गाची हजेरी घेताना बाईंच्या तोंडून 'विहंग रणधीर थोरवडे' असं नाव बाहेर पडलं, पहिल्या बाकावरून एक सावळं, दात पडलेलं पोरगं "हजर" म्हणालं, आणि बाईंना इतकं बरं वाटलं की पुढची दोन नावं वाचायचीच राहून गेली.

गावाचं नाव मी सांगत नाही. साखर कारखान्याचं गाव आहे, हंगामात वर्गात मळीचा वास येतो, एवढं पुरे. शाळाही तीच, जिथे बाई स्वतः शिकल्या. तेव्हा त्या वृषाली नलवडे होत्या.

तिसरीत वृषालीच्या डोक्यात खवडे झाले. आईनं चकोट केला, वर निळा स्कार्फ बांधला आणि पोरीला शाळेत धाडलं. मधली सुट्टी संपत आली की रणधीर मागून यायचा, स्कार्फ ओढून बाकाखाली फेकायचा आणि दोन्ही हातांच्या बोटांनी तिच्या डोक्यावर ढोलकी वाजवायचा. वाजवायचा मात्र झकास, ताल धरून. सगळा वर्ग टाळ्या द्यायचा. मग व्हरांड्यात चपलांचा आवाज व्हायचा, त्या वेळच्या बाई आत येऊन म्हणायच्या, "हाताची घडी, तोंडावर बोट," आणि वर्ग चिडीचूप. वृषालीचा स्कार्फ पायाजवळ पडलेला. वाकून उचलायचा तर घडी सोडावी लागणार, सांगायचं तर तोंडावरचं बोट काढावं लागणार. पोर तशीच उघड्या डोक्यानं तास संपेपर्यंत बसायची. अख्खं वर्ष हेच चाललं, आणि 'ढोलकी' हे नाव तिला सातवीपर्यंत चिकटलं.

लोक म्हणतात, लहानपणी चालायचंच, पोरं ती पोरं. असं म्हणणाऱ्यांच्या डोक्यावर कुणी वाजवलेली नसते.

आता रणधीर थोरवडेची फवारणीच्या ड्रोनची एजन्सी होती, पोट सुटलं होतं आणि पालक म्हणून तो शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झाला होता. शाळेत 'पडसाद' आला त्या दिवशी नारळ त्याच्याच हस्ते फुटला. माइक हातात घेऊन त्यानं सांगितलं की आजपासून आपल्या शाळेत कुणी कुणाला त्रास देणार नाही. मागच्या ओळीत उभ्या राहून बाईंनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमानंतर तो हात जोडत आला. "मॅडम, आमच्या पोराकडे जरा लक्ष असू द्या." त्यानं ओळखलं नव्हतं. आडनाव बदललं होतं आणि डोक्यावर केस होते, मग ओळखणार कसा?

"असणारच," बाई म्हणाल्या.

पडसाद म्हणजे मनगटावरचा पट्टा. दिसायला साधा, राखाडी रबराचा. माणूस घाबरला की त्याचं शरीर लपवालपवी करत नाही. नाडी धावते, श्वास आखूड होतो, तळहाताला घाम येतो, घामामुळे कातडीतून वीज जास्त सहज वाहते. पट्टा हे सगळं मोजतो. शिवाय प्रत्येक पट्ट्याला बाकीचे पट्टे कुठे आहेत ते कळतं. त्यावरून त्याच्या लक्षात येतं की अमुक मूल जवळ आलं की तमुक मुलाची भीती वाढते. इथवर नवल नाही, असे मापक पूर्वीही होते. पडसादची करामत पुढची होती. ज्याच्यामुळे भीती वाढली त्याच्या पट्ट्यातून मनगटाच्या शिरेला बारीक विजेचे ठोके जात, दुखणार नाहीत असे. पण ते ठोके थेट मेंदूच्या त्या कोपऱ्याला फसवत जिथून भीती सुटते. दुसऱ्याच्या पोटात गोळा आला की तो आणणाऱ्याच्या पोटातही यायचा, पाव मात्रेत. शिक्षा नाही, रागावणं नाही. फक्त आपण दुसऱ्याला काय दिलं त्याची चव.

आणि ते चाललं, हे कबूल केलं पाहिजे. पाणी पिण्याच्या नळावरची ढकलाढकली थांबली. चौथीतला एक दांडगा मुलगा लहानांच्या डब्यातली चटणी पळवायचा, तो आठवडाभरात स्वतःचा डबा वाटायला लागला. आजूबाजूच्या शाळांतले लोक बघायला येऊ लागले.

सुरुवातीला प्रत्येक मुलाची मूळ पातळी घ्यायची असते. कुणाची नाडी मुळातच जलद, कुणाचे तळहात मुळातच ओले, म्हणून मूल निवांत असताना एकदा सगळं मोजून ठेवायचं, आणि भीती धरायची ती त्याच्या वर जेवढी जाईल तेवढीच. सूचनेत तसं लिहिलंच होतं. गुंजाळ बाईंनी टॅब्लेट टेबलावर ठेवला, टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "हाताची घडी, तोंडावर बोट." टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. दहा मिनिटांत मोजणी झाली. मुख्याध्यापक पिसाळ सरांनी दारातून बघून मान डोलावली. इतका निवांत वर्ग शाळेत दुसरा नव्हता.

शिक्षकांनाही पट्टे होते. एखादं मूल घाबरलं की बाकीच्यांचे अधूनमधून गुरगुरत, त्यावरून स्टाफरूममध्ये थट्टा चाले. गुंजाळ बाईंचा एकदाही गुरगुरला नाही. "माझी मुलं मला घाबरतच नाहीत," त्या सांगत, आणि ते त्यांना खरंच वाटत होतं.

आता विहंगचं सांगतो. पोरगं वाईट नव्हतं, ही बाईंची पहिली अडचण. दुसरी अशी की ते वाजवायचं. बाकावर, दप्तरावर, डब्याच्या झाकणावर, दोन्ही हातांच्या बोटांनी, ताल धरून. पहिल्यांदा तो आवाज कानावर आला तेव्हा बाई फळ्यावर तीनचा पाढा लिहीत होत्या. खडू तिथेच मोडला.

त्याच दिवशी त्यांनी विहंगशेजारी निधी कुंभोजेला बसवलं. निधी म्हणजे पाल चुकचुकली तरी दचकणारी पोर. शेजारी कुणी वाजवायला लागलं की तिची नाडी उसळणार, आणि पट्टा त्याचा दोष शेजाऱ्यालाच लावणार. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. तसंच झालं. दोन दिवसांत विहंग बाकावर वाजवता वाजवता मध्येच थांबू लागला आणि स्वतःच्या पोटाकडे बघू लागला. पोरगं हुशार. त्यानं निधीला विचारलं, "तुला आवाज आवडत नाही का?" निधीनं मान हलवली. त्यानं बाकावर वाजवणं सोडलं आणि मांडीवर सुरू केलं, हळू, तिला ऐकू येणार नाही असं.

पट्ट्याचं काम इथे संपलं होतं. दुसरी कुठलीही बाई खूष झाली असती. गुंजाळ बाईंना मात्र फसवल्यासारखं वाटलं. रणधीरनं वर्षभर वाजवली आणि त्याचं पोर दोन दिवसांत सुटतं, हा कुठला न्याय?

मात्रा वाढवायची सोय शिक्षकांच्या टॅब्लेटवर होती. पावाची अर्धी केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वर्तनात अपेक्षित सुधारणा नाही.' निधीला आता फळ्याशी उभं करून मोठ्यानं वाचायला सांगायचं आणि विहंगला मुद्दाम तिच्या बाजूला उभं करायचं, हेही सुरू झालं. निधी फळ्याशी उभी राहिली की थरथरायची, ते विहंगच्या खात्यावर जायचं. कधी त्याच्याबरोबर जोडीनं परिपाठ म्हणायला, कधी त्याच्यासोबत पाणी आणायला. बाई आवाज चढवत नव्हत्या. मारत तर मुळीच नव्हत्या. कायदा, नियम, सगळं जागच्या जागी.

"हल्ली तू गुणगुणत असतेस," नवरा एकदा पोळी वाढून घेताना म्हणाला. "बदली रद्द झाली की काय?"

"वर्ग चांगला मिळालाय," बाई म्हणाल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर विहंगचे हात मांडीखाली गेले. तळहात मांडीखाली दाबून तो ताठ बसे, निधीपासून जमेल तितका लांब, बाकाच्या अगदी कडेला. मधल्या सुट्टीत खेळायला जाईना. बाई रोज वर्गात आल्या की आधी त्या मांडीखालच्या हातांकडे बघत आणि मग हजेरी घेत. घरी जाताना रस्त्यात त्यांना एखादं जुनं गाणं आठवे.

एक दिवस शाळा सुटल्यावर रणधीर थोरवडे आला. ड्रोनची गाडी फाटकाबाहेर लावून व्हरांड्यात उभा राहिला, आतून बोलावणं येईपर्यंत. हे बाईंना फार आवडलं. थोडा वेळ त्यांनी त्याला तसंच उभं ठेवलं.

"मॅडम, पोरगं जेवत नाही," तो म्हणाला. "आधी ताटावर, डब्यावर, माझ्या पाठीवर वाजवत बसायचं. आम्ही ओरडायचो. आता हात खाली घेऊन बसतं. त्याची आई म्हणते, आवाज नाही तर घर खायला उठतं."

"शिस्त लागली म्हणायची."

"ही शिस्त नव्हे हो. शाळेची पिशवी बघितली तरी त्याच्या पोटात कळ येते. थोडे दिवस पट्टा काढून ठेवला तर?"

"नारळ तुम्हीच फोडलात, अध्यक्षसाहेब. तुमच्याच मुलाचा पट्टा काढला तर गाव काय म्हणेल? थोरवड्यांचं पोर दांडगाई करतं आणि बाप पाठीशी घालतो, असंच ना?"

त्याची मान खाली गेली. बाईंना वाटलं, आता. एवढी वर्षं जी वाट बघितली ती याच घटकेची.

"तुम्ही पण याच शाळेत होता ना?" त्यांनी विचारलं. "तिसरीत तुमच्या वर्गात एक मुलगी होती. डोक्याला निळा स्कार्फ बांधायची."

रणधीरनं खरोखर आठवून बघितलं. कपाळाला आठ्या पाडून, वर छताकडे बघत. "नाही बुवा. त्या वर्षातलं म्हणाल तर मला फक्त बाईंच्या चपलांचा आवाज आठवतो. व्हरांड्यातून यायच्या ना, टाक टाक. अजून कधीतरी स्वप्नात येतो." तो कसनुसा हसला. "कोण होती ती मुलगी?"

बाईंनी सगळ्याची तयारी केली होती. तो माफी मागेल, तो नाकबूल करेल, तो खी खी हसेल आणि म्हणेल, अगं, ढोलकी तू? प्रत्येकाला उत्तर ठरलेलं होतं. त्याला आठवणारच नाही, हे मात्र त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. तिला एवढं जाळणारी गोष्ट त्यानं जाता जाता केली होती आणि हात झटकून पुढे गेला होता.

"कुणी नाही," बाई म्हणाल्या.

तो फाटकाबाहेर पडायच्या आत त्यांनी टॅब्लेट उघडला आणि विहंगची मात्रा पूर्ण केली. समोरच्याची जेवढी भीती, तेवढीच्या तेवढी. पडद्यावर एक चौकट आली. पूर्ण मात्रेला कंपनीनं अट घातली होती. मुलाला जेवढी लावाल तेवढी तुमच्याही पट्ट्याला लागू होईल, मान्य आहे का? जे आपल्याला सोसणार नाही ते कुणी लेकरावर लादू नये, असा त्यामागचा विचार. बाईंना हसू आलं. इतक्या महिन्यांत एकदाही न गुरगुरलेल्या पट्ट्याला पाव मात्रा काय आणि पूर्ण काय. त्यांनी 'मान्य' दाबलं. तुला आठवत नाही ना? तुझ्या पोराला आठवेल, जन्मभर.

पुढच्या आठवड्यात विहंगनं वर्गात ओकारी काढली. रणधीरनं मग गावाची पर्वा केली नाही, पिसाळ सरांकडे लेखी तक्रार दिली आणि पट्टे तपासायची मागणी केली. सरांनी घाबरत घाबरत बाईंना विचारलं. त्यांना वाटलं, बाई अंगावर येतील.

"तपासा की," बाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर तपासा. थोरवड्यांनाही बोलवा. त्यांचं पोर काय आहे ते त्यांच्या डोळ्यांदेखत ठरू दे."

कंपनीकडून तबस्सुम मुलाणी नावाची इंजिनिअर आली. पंचविशीतली, पाठीला बॅग, बोलणं मोजकं. स्टाफरूममध्ये बसून तिनं तिसरीचे आकडे बघितले आणि पुन्हा बघितले.

"मॅडम, मूळ पातळी घेतली तेव्हा मुलं ग्राउंडवरून पळून आली होती का?"

"छे हो. जागेवर बसून होती."

"मग नाड्या इतक्या वर कशा? सगळ्यांच्याच आहेत, एकट्यादुकट्याची नाही."

"ते तुमच्या मशीनला विचारा. माझा वर्ग तर गुपचूप होता. असा." आणि बाईंनी टाळी वाजवून दाखवली. "हाताची घडी, तोंडावर बोट."

तबस्सुमचा हात टेबलावरून उठला आणि अर्ध्या वाटेत थांबला. तिनं तो खाली घेतला. "मी पण अशाच शाळेत शिकले," ती म्हणाली. मग तिनं समजावलं की मूळ पातळी मुळातच वर धरली गेली असेल तर पट्टा त्याच्या खालचं काही मोजतच नाही. जी भीती मुलाच्या अंगात आधीपासून भरलेली आहे ती त्याला दिसत नाही, वरची भर तेवढी दिसते. मोजणी नव्यानं घ्यावी लागेल, मुलं खरोखर मोकळी असताना, आणि जवळपास कुणी मोठं माणूस नको.

बाईंनी त्यातलं एवढंच ऐकलं की आजवर पट्ट्यानं भीती कमी मोजली. म्हणजे थोरवड्याच्या पोराला जेवढं मिळायला हवं होतं तेवढंही मिळालं नव्हतं. "घ्या नव्यानं," त्या म्हणाल्या.

दुपारी खिचडीच्या वेळी मुलं पटांगणातल्या लिंबाखाली पंगतीनं बसली. शिक्षक सगळे स्टाफरूममध्ये. तबस्सुमसुद्धा पाण्याच्या टाकीआड उभी राहिली. खिचडी खाऊन झाली, कुणीतरी ताटलीवर चमचा आपटला, कुणीतरी गाणं धरलं, आणि निधी कुंभोजेनं विहंगकडे आपली रिकामी ताटली सरकवली. वाजव म्हणाली. विहंगनं आधी स्वतःच्या पोटाकडे बघितलं. मग एका बोटानं एकदा टिचकी मारून बघितली, मग दुसऱ्या बोटानं. पोटात काही झालं नाही. तबस्सुमच्या हातातल्या पडद्यावर तिसरीच्या सगळ्या नाड्या हळूहळू खाली उतरत होत्या, आजवर कधी नव्हत्या इतक्या खाली. तिनं ती पातळी पक्की केली आणि लागू केली.

मधली सुट्टी संपली. पिसाळ सर, रणधीर आणि तबस्सुम तिसरीच्या खिडकीपाशी व्हरांड्यात उभे राहिले, आतलं दिसेल असे. बाईंनीच त्यांना तिथे उभं राहायला सांगितलं होतं. त्या स्टाफरूममधून निघाल्या. केस सारखे केले, पदर खोचला. आजचा दिवस त्यांचा होता. फरशीवर चपला वाजत होत्या, टाक टाक. खिडकीपाशी रणधीरनं दचकून मान वळवली.

वर्ग अजून दोन दारं लांब होता तेव्हा बाईंचा पट्टा गुरगुरला. पहिल्यांदा त्यांना कळलंच नाही की हा आवाज कसला. त्यांनी मनगटाकडे बघितलं, आणि तेवढ्यात पोटात गोळा आला. नुसती धाकधूक नव्हती ती. पूर्ण मात्रा होती. पाय मात्र सवयीनं चालत राहिले, चपला वाजत राहिल्या, आणि प्रत्येक 'टाक'बरोबर गोळा वर चढत गेला. आतली मुलं तो आवाज ऐकत होती.

त्या दारात आल्या. काही म्हणायची गरजच पडली नाही. सगळ्या वर्गानं हाताची घडी घातली होती, सगळ्यांच्या तोंडावर बोट होतं. सगळ्या बाजूंनी एकदम अंगावर आलं ते. आपलं डोकं उघडं पडलंय, स्कार्फ कुठेतरी पायाशी आहे आणि तो उचलता येणार नाही, असं बाईंना स्वच्छ वाटलं. त्यांनी डोक्याला हात लावला. केस होते. तरी हात खाली घ्यायचा धीर होईना. खिडकीतून रणधीर थोरवडे त्यांच्याकडे बघत होता, आणि बघता बघता त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, काहीतरी आठवत आल्यासारख्या.

वर्गात एकानं बोट तोंडावरून काढलं. तो पहिल्या बाकावरचा विहंग होता.

"बाई, बसा खाली," तो हळूच म्हणाला. "पोटात गोळा आलाय ना? मला पण येतो. थोड्या वेळानं जातो."

बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "किती वेळानं?" त्यांनी विचारलं, आणि आवाज तिसरीतल्या पोरीचा आला.

विहंगनं त्यांच्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. खरं सांगावं की नाही, याचा त्यानं थोडा विचार केला.

"तुम्ही बाहेर गेलात की," तो म्हणाला, आणि पुन्हा तोंडावर बोट ठेवलं.